अर्ध्या वावरावर मनाई

तार आली तेव्हा धर्मपाल इंगळेच्या पाठीवर पंप होता आणि पंपात गळ्यापर्यंत औषध भरलेलं होतं.

अकोला आणि अकोट यांच्यामधल्या एका खेड्यात, नत्थुजी पाटलांच्या ज्वारीच्या वावरात तो सकाळपासून फवारत होता. चौसष्ट सालचा पोळा तोंडावर आलेला. त्या वर्षी ज्वारीत टारफुला असा माजला होता की ताटांच्या बुडाशी माती दिसत नव्हती. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण. वर दिसतं वीतभर, पण खाली अख्खं ताट शोषून घेतं. त्याला फुलं येऊन बी पडलं, की त्या जमिनीतून ते वर्षानुवर्षं जात नाही. मुंबईच्या केस्टन-बार्लो कंपनीनं त्यावर 'तणारी' नावाचं औषध काढलं होतं, आणि नागपूरच्या शेतकी कॉलेजातून बी.एस्सी. झालेला धर्मपाल त्या कंपनीचा प्रात्यक्षिक अधिकारी होता. गावोगाव जायचं, एका मोठ्या कास्तकाराच्या वावरात फुकट फवारून दाखवायचं, आणि बाकीच्यांना डबे घ्यायला लावायचं, हे त्याचं काम.

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, गावातली माणसं उकिडवी बसून बघत होती. अर्धं वावर फवारून झालं होतं. तेवढ्यात अकोटहून सायकल मारत तारवाला आला.

तार म्हटल्यावर सगळी माणसं उठून उभी राहिली. एकानं तर डोक्यावरची टोपीच काढली. नत्थुजी लगबगीनं पुढे आले.

"साहेब, घरी बरं हाये न?"

"घरी बरं हाये. कंपनीची तार हाये," धर्मपाल म्हणाला आणि त्यानं ती पुन्हा वाचली. कोर्टाचा मनाई हुकूम झाला होता. तणारीची विक्री, वाटप आणि वापर त्या क्षणापासून बंद.

"म्हंजे काय?"

"कलकत्त्याच्या एल्मर-दत्त कंपनीनं दावा लावला. थे म्हणते, हे औषध आमचं हाये."

"तुमी चोरलं काय?"

"चोरलं नाई, नत्थुजी. औषध दोघायचंबी एकच हाये. थे पान्यात विरघळवाची रीत कोनाची, याचं भांडन हाये. पेटंट म्हणते त्याले. ज्याचं पेटंट, त्यानंच थे औषध बनवावं, इकावं अन् वापरावं."

नत्थुजींनी थोडा विचार केला. "मंग तुमच्या पंपात तं विरघळलेलंच हाये. आता मारा न उरलेलं!"

धुऱ्यावर हशा पिकला. धर्मपालला हसू आलं नाही. सहा महिने खटपट करून त्यानं नत्थुजींना या प्रात्यक्षिकाला तयार केलं होतं. मुंबईतल्या आणि कलकत्त्यातल्या ज्या साहेबांनी जन्मात टारफुला पाहिला नसेल, त्यांच्या भांडणापायी आता तो पंप पाठीवर घेऊन मधोमध उभा होता. पुढे जायची सोय नव्हती आणि मागं जावं तर डोळ्यांसमोर अर्धं वावर पडलेलं.

तो तसाच पंपासकट अकोटला गेला आणि पोस्टातून अमरावतीला ट्रंक कॉल लावला. राजापेठेत कंपनीचं ऑफिस होतं. मॅनेजरसाहेब मूळचे मुंबईचे, आवाज नेहमी शांत.

"सर, पंपात औषध भरलेलं आहे. ते काय करू?"

"वापरू नका."

"ओतून टाकू?"

"एक मिनिट, मिस्टर इंगळे." मॅनेजरसाहेब शेजारी कोणाशी तरी बोलले. "वकील म्हणतात, जमिनीवर पडलं तर तो वापर ठरू शकतो. ओतू नका."

"मग परत डब्यात भरतो."

"डबे सील करायचेत. सील करायच्या साठ्यात फेरफार नको."

"सर, वापरायचं नाही, ओतायचं नाही, डब्यात भरायचं नाही. मग पिऊ काय?"

मॅनेजरसाहेब म्हणाले, "पंप अमरावतीला घेऊन या," आणि फोन ठेवला.

एस.टी.च्या कंडक्टरनं पंपाचं झाकण हुंगलं आणि थेट हात आडवा केला. "रॉकेल नेता येत नाई गाडीत." हे रॉकेल नाही, तणाचं औषध आहे, असं धर्मपालनं सांगितलं तर तो म्हणाला, "मंग तं मुळीच नाई." दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरनं तर खाली उतरून लोकांना लांब व्हायला सांगितलं. शेवटी धर्मपाल तो पंप पाठीवर घेऊन पायी गावाकडे निघाला. रस्ताभर काळ्या मातीचा चिखल. बुटांना असे पेंड चढले की पाऊल उचलताना मांड्या भरून येत होत्या, आणि दर पावलाला पाठीवर औषध डचमळत होतं. मुंबई, कलकत्ता, कोर्ट, कंडक्टर, एकेकाचा उद्धार करत तो चालला.

नत्थुजींनी पंप गोठ्यापासून लांब, कडब्याच्या जुन्या खोपडीत ठेवू दिला. पण आता ते त्याला साहेब म्हणत नव्हते.

"पंपाचं जाऊ दे. माह्या अर्ध्या वावराचं काय करतं?"

दर वर्षी नत्थुजींच्या वावरात पंचफुलाबाई आणि तिच्याबरोबरच्या बाया निंदायला यायच्या. यंदा हंगामाच्या तोंडाशीच नत्थुजींनी त्यांना चावडीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, की औषध आलं, आता तुमचं काम नाही. त्यामुळे त्या बाया रामराव नावाच्या दुसऱ्या कास्तकाराकडे मूग तोडायला गेल्या होत्या. आणि पंचफुलाबाई ही धर्मपालची सख्खी मावशी होती.

"तुह्या मावशीले आन समजावून," नत्थुजी म्हणाले. "तूच घातला हा घोळ, आता तूच निस्तर."

पंचफुलाबाईचं घर गावाच्या पूर्वेला, बौद्धवाड्यात. आठ वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन वाड्यातली सगळी घरं बौद्ध झाली होती. त्या दिवसापासून मावशीनं गावची मेलेली गुरं ओढायला आणि सणाला शिळं मागायला घरातल्या कोणालाही जाऊ दिलं नव्हतं. धर्मपाल आला तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती.

"जयभीम, मावशी."

"जयभीम. या, औषधवाले." तिनं वर न बघता परातीवर थाप मारली. "आईकलं म्या. औषधावर जप्ती आली म्हनते."

"जप्ती नाई, मनाई हाये. मावशी, उद्यापासून नत्थुजीच्या वावरात चालान काय? अर्धंच उरलं हाये. टारफुल्याले फुलं धरून राहिले."

"काहून? कालपरवापर्यंत तं आमचं काम नोतं."

"आता हाये."

"मंग पाटलाले म्हना, आमी येतो. पन त्याच्या इहिरीचं पानी आमी आमच्या हातानं काढून पिऊ. धुऱ्यावरून वरतून वंजळीत ओतलेलं नाई पिनार."

धर्मपालला हे नवं नव्हतं. कायद्यानं असलं सगळं कधीच बंद झालं होतं. पण नत्थुजींच्या वावरात दुपारी बायांना पाणी पाजायला एक गडी लोटा घेऊन उभा राहायचा, आणि विहिरीच्या काठाला कोणी हात लावायचा नाही. हे सगळं गाव जाणून होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

"मावशी, हे आता काहून काढून राहिली? अगोदरच माह्या डोक्याले ताप हाये."

"आता नाई तं कधी काढू? तुह्या औषधाले कायी झालं नसतं तं त्यानं मले धुऱ्यावर उभं तरी केलं असतं काय?" मावशीनं भाकरी तव्यावर टाकली. "तुले कायच्यात पानी देते तो?"

"कपात."

"कोनत्या कपात?"

गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. तो धर्मपालचा कप होता. पहिल्या दिवशी तो हातात आला तेव्हा त्याची कानशिलं तापली होती, पण सहा महिन्यांनी जमवलेलं प्रात्यक्षिक कपापायी मोडू नये म्हणून तो गटागट प्यायला होता. त्यानंतर दर खेपेला. मावशीनं त्याच्यापुढे ताट सरकवलं आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

त्यानं नत्थुजींना जाऊन मावशीचा निरोप जसाच्या तसा सांगितला. नत्थुजींचा चेहरा लाल झाला.

"तूच शिकवलं तिले हे!"

"म्या नाई शिकवलं."

"मंग कोनं शिकवलं?"

"तुमीच," धर्मपालच्या तोंडून निघून गेलं. "चावडीवर काम नाई म्हनून सांगतलं, तवा."

नत्थुजी उठून चालते झाले. त्यांनी दोन गावांत माणसं पाठवली, पण त्या मोसमात निंदायला बाई मिळणं म्हणजे देव भेटण्यापैकी. जिकडे तिकडे मूग आणि निंदण एकदमच आलं होतं. घरच्या गड्यांनी एक दिवस टारफुला उपटून पाहिला आणि पाठी धरून बसले. बैलांचा डवरा घालावा तर ज्वारी कमरेच्या वर वाढलेली. इकडे धर्मपालला रोज अमरावतीहून एक कागद यायचा. पंप कुठे आहे, झाकण बंद आहे काय, त्याजवळ कोण जातं. एकदा विचारलं होतं, फवारलेल्या अर्ध्या वावरातलं तण मरत असेल तर ते मनाई हुकमाच्या आधी मेलं की नंतर, याचा खुलासा करावा. धर्मपालनं तो कागद चुरगाळला, पुन्हा सरळ केला आणि उत्तर लिहिलं: तणाला विचारून कळवतो. मग तेही फाडलं, आणि नियमात बसेल असं काहीतरी लिहिलं.

उरलेल्या अर्ध्यात टारफुल्याला पांढरी फुलं लागली. ती पाहून नत्थुजींची बायको वच्छलाबाई वावरात गेली, परत आली आणि ओसरीवर नवऱ्यापुढे उभी राहिली. धर्मपाल तिथंच बसला होता.

"बी पडलं तं पुढं काय पेरान? टारफुलाच?"

"तुले समजत नाई. गाव काय म्हणीन?"

"गाव येते काय निंदाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजींनी धोतर बदललं, अकोटला जिनात सरकीचं काम आहे म्हणाले आणि बैलगाडी जुंपून निघून गेले. होय म्हणाले नाहीत, आणि नाही असंही म्हणाले नाहीत. गाडी वेशीबाहेर गेल्यावर वच्छलाबाईनं नवा दोर आणि बादली उचलली, विहिरीवर नेऊन ठेवली, आणि गड्याच्या हातून पंचफुलाबाईला बोलावणं धाडलं.

बाया आल्या. ओळीनं बसून त्यांनी निंदायला सुरुवात केली. दुपारी मावशी उठली, हात धुळीसकट लुगड्याला पुसले आणि विहिरीकडे गेली. बाकीच्या बाया मागं थबकल्या. वच्छलाबाई लिंबाखाली पाठमोरी बसून उगाच काहीतरी निवडत होती. मावशीनं बादली सोडली. पाण्यावर ती आपटल्याचा आवाज आला, आणि मग दोर ओढताना मावशीच्या बांगड्या वाजू लागल्या. पाणी वर आलं. आधी ती स्वतः प्यायली, मग एकेक बाई पुढे आली.

"धर्मा, तू काहून उभा राहिला तठी?" तिनं हाक मारली.

धर्मपाल जाऊन प्यायला. पाणी थोडं मचूळ होतं. इतके दिवस तो तेच पीत होता, तरी हे त्याला आजच कळलं.

पुढच्या काही दिवसांत उरलेलं अर्धं वावर निंदून स्वच्छ झालं. नत्थुजी रोज काही ना काही काम काढून अकोटला जात होते. गावातल्या दोघातिघांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एकानं वच्छलाबाईला देवळाच्या पायरीवर टोमणा मारला, तेव्हा तिनं त्याला त्याच्याच वावरातला टारफुला मोजून यायला सांगितलं. विहीर विटाळली म्हणून ती उपसायची गोष्टही निघाली. पण उपसायला लागणारे गडी नत्थुजींनी दिले नाहीत, आणि ती गोष्ट तशीच विरून गेली.

एवढ्यात कलकत्त्याच्या कंपनीचा माणूस जीप घेऊन गावात आला. त्याचं नाव गोवर्धन. अमरावतीचाच राहणारा, कॉलेजात धर्मपालच्या दोन वर्षं पुढे. जीपवर भोंगा बांधलेला आणि मागं 'तृणहर' औषधाचे डबे रचलेले. त्यानं आसपासच्या चार गावांतले कास्तकार गोळा केले आणि थेट नत्थुजींच्या धुऱ्यावर आणून उभे केले.

"पाहा मंडळी!" गोवर्धन भोंग्यातून ओरडला. "इकडच्या अर्ध्यात मुंबईची नक्कल मारली. तण वाळून उभं हाये, जवारीचीबी पानं वाकडी झाली. अन् तिकडं आपलं अस्सल औषध. तिकडं तण शोधून दाखवा!"

धर्मपालनं डोक्याला हात लावला. औषधाबद्दल चार लोकांत एक शब्दही बोलायचा नाही, नाहीतर कोर्टाचा अवमान होईल, अशी सक्त ताकीद कंपनीनं दिली होती. तो गोवर्धनजवळ जाऊन हळूच म्हणाला, "अरे, तिकडं तुमचं औषध कोणी मारलं?"

"मारलं असीलच कोनंतरी," गोवर्धन भोंगा खाली घेत म्हणाला. "अन् तू बोलू नोको. तुह्यावर मनाई हाये."

शेजारच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, मावशी आणि तिच्या बाया निंदत होत्या. भोंग्याचा आवाज ऐकून ती उपटलेलं तण टाकून धुऱ्यावर आली.

"कोनतं औषध मारलं म्हनतं तू तिकडं?"

"तृणहर, बाई. कलकत्त्याचं."

"त्याचं नाव पंचफुला हाये," मावशी म्हणाली. "कलकत्त्याचं नाई, याच गावचं हाये. अन् ह्या बाकीच्या बाया बी त्यातच हायेत. लिहून घे."

माणसं हसू लागली. गोवर्धन वरमला नाही. त्याला असली माणसं रोज भेटत असावीत. तो वळला गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या नत्थुजींकडे, कारण वावराचा मालक बोलला की विषय मिटला असता.

"तुमी सांगा, नत्थुजी. निंदलं की फवारलं?"

नत्थुजींची कोंडी झाली. फवारलं म्हणावं तर खोटं. निंदलं म्हणावं तर चार गावच्या माणसांपुढे पुढचा प्रश्न विहिरीचा. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. एकानं मागून विचारलंच, "बोला न, पाटील."

"निंदलं हाये," नत्थुजी चिडून म्हणाले. "पंचफुलानं अन् तिच्या बायायनं निंदलं. माह्या इहिरीचं पानी पिऊन निंदलं. झालं समाधान? आता उतरा धुऱ्यावरून, माही जवारी तुडवून राहिले तुमी!"

लोक पांगले. गोवर्धननं त्या स्वच्छ अर्ध्याचे फोटो मात्र काढून घेतले, आणि ते तृणहरचा परिणाम म्हणून कलकत्त्याला गेले. धर्मपालनं ही हकीकत मॅनेजरसाहेबांना लिहून कळवली. उत्तर आलं, की प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यानं फोटोबद्दल मत देता येत नाही.

थंडीच्या दिवसांत एक दिवस राजापेठेच्या ऑफिसात मॅनेजरसाहेबांनी पेढे वाटले. दोन्ही कंपन्यांची तडजोड झाली होती. मुंबईनं कलकत्त्याचा हक्क मानला, कलकत्त्यानं मुंबईचा. आता दोघांचं औषध एकाच डब्यात, दोन्ही नावांनी निघणार होतं आणि बाजारात तिसरं कोणी येणार नव्हतं. त्यामुळे भावही वाढणार होता.

"मग हा सगळा तमाशा कशासाठी होता, सर?" धर्मपालनं विचारलं.

"तत्त्वासाठी," मॅनेजरसाहेब म्हणाले. "आणि मिस्टर इंगळे, वऱ्हाडचं काम आता मिस्टर गोवर्धन बघतील. ते तुमचे वरिष्ठ. जुनी कटुता विसरून जा."

धर्मपाल पेढा हातात धरून उभा राहिला. मग त्यानं तो मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला.

त्यानं आणखी एक हंगाम काढला. गोवर्धनच्या जीपमध्ये बसून तो नत्थुजींकडेही गेला. नत्थुजींनी डब्याचा भाव ऐकला आणि जीपच्या चाकावर काठी आपटून म्हणाले, एवढ्या पैशात तर आपण अख्ख्या गावाला निंदायला लावू. बाया वावरातच होत्या. गोवर्धननं परतताना रस्ताभर समजावलं, की यापुढे कास्तकाराशी बोलताना हसत जावं. धर्मपाल अमरावतीला पोचला, त्यानं रातोरात राजीनामा लिहिला आणि सकाळी दिला. पुढे सरकारच्या शेती खात्यात त्याला नोकरी लागली. पगार कमी, जीप नाही, आणि बदली दर्यापूरला.

हे मावशीला सांगायला तो गावी गेला. त्याला वाटलं होतं, ती खूश होईल.

"नोकरी सोडली?" मावशीनं कमरेवर हात ठेवले. "अरे, जीप होती! बूट होते! तिथं दर्यापुरात काय करतं, खारं पानी मोजतं? माह्या बहिनीनं उपाशी राहून शिकवलं तुले, अन् तू त्या गोवर्धनच्या रागानं नोकरी सोडून आला!"

"मावशी, तूच तं तवा—"

"म्या कायी म्हनलं नोतं नोकरी सोड म्हनून. म्या पान्याचं म्हनलं होतं. नोकरीत राहून भांडता येत नोतं तुले?"

तिची सून दारातून हसू दाबत बघत होती. मावशी बोलत राहिली आणि बोलता बोलता तिनं त्याच्यापुढे ताट वाढलं, ठेचा वाढला, वर तेल घातलं. धर्मपालनं दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा तिनं बोलू दिलं नाही. शेवटी त्यानं भाकरी मोडली आणि खाली मान घालून जेवायला लागला.